मेक्सिकोत आम्ही मुलीकडचे

हिगाशी-कसाई, तोक्यो
१२ जानेवारी २०२५

चि. अंबरीष यास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे आधी टीपॉयवर टाकशील. मग चहा घेशील, पेपर संपवशील आणि सुनीता आत गेली की उघडशील. उघड. आत भांडण नाही. मी मेक्सिकोला जाऊन आलो, ते सांगायचंय.

हो, मेक्सिको! सांगलीत चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि टीव्ही उघडून बसलेला तुझा नववी नापास दादा वयाच्या बाहत्तराव्या वर्षी पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला पाय लावून आला. इथून वीस डिसेंबरला दुपारी चार वाजता विमान सुटलं आणि तिथं पोचलो तेव्हा वीस डिसेंबरचीच दुपार, दोन वाजलेले. म्हणजे निघण्याआधी पोचलो. तू बँकेत होतास, हिशेब तू लाव.

जायच्या आधी आठ महिने मी इथं सौमित्रच्या घरी बसून स्पॅनिश शिकलो. सौमित्र म्हणाला, "बाबा, मोबाइलवर ॲप आहे." म्हटलं, तुझं ॲप तुला. मी दोनशे पानी वही घातली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी, रोज दहा शब्द. ओवीला मी म्हणून दाखवायचो आणि ती पाच वर्षांची कार्टी मला जपानीत सांगायची की चुकलं. तिला स्पॅनिश येत नाही, पण आजोबा चुकतात एवढं पक्कं ठाऊक. कौमुदीनं तर फ्रिजवर "दूध = लेचे" अशी चिठ्ठी लावली होती. सूनबाईंचं हे कौतुक मी ऑफिसात मिळालेल्या पदकासारखं मिरवतो, तेवढं ऑफिस नव्हतं म्हणून काय झालं. तू शिकलास अंबू, मी शिकत राहिलो.

मेक्सिको सिटीत तीन दिवस काढले. शहराबाहेर दोन थोरले पिरॅमिड आहेत, पण वर चढू देत नाहीत. माझ्या गुडघ्यांनी सरकारचे आभार मानले. म्युझियममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचा पाटा-वरवंटा काचेत ठेवलाय, आणि म्युझियमच्या बाहेर एक बाई तसल्याच पाट्यावर मका वाटत बसलेली. काचेआड असलेलं आणि चालू असलेलं यात दीडशे पावलांचं अंतर! आंब्यावर तिखटमीठ, चिंचेच्या गोळ्या तिखटात घोळवलेल्या, उकडलेल्या कणसावर लिंबू. मी तर ठेलेवाल्याला विचारणार होतो, बाबा तू मूळचा मिरजेचा का?

आता मी एकटा गेलो नव्हतो, हे तू ओळखलं असशीलच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुझी मुलगी आणि तिचा मेक्सिकन नवरा तादेओ, यांच्याबरोबर गेलो होतो. क्योतोच्या वॉर्ड ऑफिसात त्यांनी लग्न नोंदवलं त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं तू तिचा फोन उचलला नाहीस. माझ्याशी बोलतोस, पण तिचं नाव निघालं की "दादा, ठेवतो." पत्र काही अर्ध्यात ठेवता येत नाही, म्हणून पत्र. माझं मागणं एकच: एकदा मैथिलीशी बोल. रागाव, पण बोल.

सुनीताला आशीर्वाद. तुझी शुगर तपासून घे.

तुझा,
दादा

हिगाशी-कसाई
२६ जानेवारी २०२५

चि. अंबरीष,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलंस. पुढे सांगतो.

मेक्सिको सिटीहून बसनं सहा-सात तास दक्षिणेला वाहाका म्हणून गाव आहे. तादेओचं घर तिथून तासभर आत, डोंगराच्या पायथ्याशी. तेवीस डिसेंबरला वाहाकाच्या चौकात मुळ्यांची जत्रा भरते. मुळा म्हणजे आपला भाजीचाच, पण हातभर लांब आणि लाल. त्याच्या मूर्ती कोरतात. बैल, वाजंत्री, नवरानवरी, अख्खं देऊळ, सगळं मुळ्याचं. ते बघायला दोन-दोन तास रांग! मी रांगेत उभा राहून पाहिलं. एका म्हाताऱ्यानं कोरलेल्या बाईच्या पदराला सुद्धा सालीचा लाल काठ ठेवला होता. मैथिलीला म्हटलं, "आपण मुळा किसून दह्यात घालून संपवतो, आणि ही माणसं बघ." ती म्हणाली, "काका, यांचेही उद्या वाळून जातात. तरी दरवर्षी कोरतात." तिचं हे असं पटकन बोलणं तुझ्यावर गेलंय. तू आता ते कुठं बोलतोस म्हणा.

तादेओची आई एउफेमिया. बाई बुटकी, वेण्या दोन, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. तिच्या स्वयंपाकघरात मी बसलो आणि मला परकं असं काही वाटेचना. मक्याची भाकरी मातीच्या तव्यावर. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. पानाला लावतो तोच चुना. निवडुंगाची भाजी केली, काटे तासून. आपण ज्याचं कुंपण घालतो ते ही माणसं जेवतात, आणि चांगलं लागतं रे, थोडं भेंडीच्या वळणाचं. भाजलेले नाकतोडे पण पुढं केले होते. तिथं मात्र मी हात जोडले. चॉकलेट दाट, दालचिनी घातलेलं, आणि ते घुसळायला चक्क लाकडी रवी! मी ती हातात घेऊन घुसळून दाखवली तर सगळ्या बायका हसल्या. तिथल्या पुरुषानं कधी रवी धरली नव्हती वाटतं.

तादेओचे आजोबा, डॉन सिरिलो (डॉन म्हणजे आपलं 'राव'), सत्त्याऐंशी वर्षांचे. कानाला रेडिओ लावून बसायची सवय, पण रेडिओ तीन वर्षं मुका. नातवंडांनी नवा आणून दिला, ते त्याला हातही लावत नाहीत. मी म्हटलं बघू. पेचकस मिळाला, तार तापवायला चूल होती. एक जोड सुटला होता, दुसरं काही नाही. दहा मिनिटांचं काम. आवाज आला तसा म्हाताऱ्यानं माझा हात धरला तो सोडेचना. मी वहीतलं वाक्य म्हटलं, "हे माझं काम आहे." ते मैथिलीला काहीतरी म्हणाले. ती मला म्हणाली, "काका, ते म्हणतायत, या माणसाला स्पॅनिश येत नाही, पण रेडिओ येतो." अंबू, मला दुसरी पदवी नको.

आणि तुझी मुलगी! दोन्ही बाजूंचं बोलणं ती सहज फिरवत होती. इकडे मराठी, तिकडे स्पॅनिश, मध्येच क्योतोच्या प्रोफेसरांचा फोन आला तर जपानी. भूकंपावर तिनं जे संशोधन केलंय त्याबद्दल गावातल्या शाळेत तिनं तासभर सांगितलं. त्या भागात भूकंप फार. घरं कशी बांधावीत हे तिनं फळ्यावर काढलं आणि गवंडी लोक वही घेऊन मागं उभे. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, ही तुमची कोण? मी सांगितलं, "आमच्या घरची."

एक गोष्ट मला तिथं कळेना. त्यांचं घर प्रशस्त, चार खोल्या रिकाम्या, तरी मला आणि मैथिलीला दोन गल्ल्या पलीकडे वेगळं घर दिलं होतं. तादेओ त्याच्या घरी, बायको आमच्याकडे. लग्न झालेली माणसं! जेवायला बोलवत, पण पोरगा आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हता. मला वाटलं, पाहुण्यांची अडचण होऊ नये म्हणून असेल.

त्याचं कारण मला पुढं कळलं. ते आज लिहीत नाही. तब्येत जप.

दादा

हिगाशी-कसाई
९ फेब्रुवारी २०२५

अंबरीष,

सुनीताचा निरोप कौमुदीच्या फोनवर आला. "भावोजींना म्हणावं, हे म्हणतात प्रवासवर्णन पुरे. यांचं एकच म्हणणं आहे, मला कोणी विचारलं होतं का? मुलाकडचं एक माणूस तरी दारात आलं होतं का?"

बरं झालं तूच काढलंस. मी दोन पत्रं मुळे आणि निवडुंग दाखवत बसलो, कारण खरी गोष्ट लिहायची माझी छाती होत नव्हती. आता लिहितो. वाचून झाल्यावर माझ्याशी संबंध तोडायचे तर तोड, पण शेवटपर्यंत वाच.

एकोणतीस डिसेंबर, रविवार. सकाळचे साडेसात. मी दाढी करत होतो. दार वाजलं. उघडलं तर दारात पंधरा माणसं ओळीनं उभी. पुढं डॉन सिरिलो, हातात पेटलेली मेणबत्ती. मागं एउफेमिया आणि तिचा नवरा. त्यामागं बायका, डोक्यावर भरतकामाच्या कापडानं झाकलेल्या टोपल्या. तादेओच्या मामाच्या दोन्ही हातांत दोन जिवंत टर्की कोंबडे, पाय बांधलेले. आणि सगळ्यात मागं तादेओ, पांढरा सदरा, मान खाली. कोणी आत येईना.

माझ्या अर्ध्या गालाला साबण. मला एकच सुचलं. व्याही दारात उभे! आपण मुलीकडचे! सदरा चढवला, पळत पाणी आणलं, हात जोडले, आणि डॉन सिरिलोंच्या पायाशी वाकलो. म्हातारा दचकून दोन पावलं मागं. मला वाटलं संकोच. मी आणखी वाकलो, ते आणखी मागं.

कसेबसे आत बसवले. एउफेमियानं टोपलीतून पिवळा गोल पाव काढला, वाटीत चॉकलेट ओतलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. आणि अंबू, मला आपले अण्णा आठवले. कुमुदताईच्या सासरी अण्णा सहा वर्षं पाणी प्यायले नाहीत. भर उन्हात सांगोल्याहून चालत जायचे, ओसरीवर बसायचे, लेकीला बघायचे आणि कोरड्या घशानं परत यायचे. ताईला मुलगा झाला तेव्हा त्या घरातला पहिला घोट घेतला. मुलीच्या घरचं खाऊ नये. बाकी रीतिभाती मी बऱ्याच सोडल्या, पण ही हाडात आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात जेवलो तो पाहुणा म्हणून, पण हा तर मानपानाचा समारंभ दिसत होता. मी हात जोडले आणि वहीतलं सगळ्यात पाठ असलेलं वाक्य स्वच्छ, मोठ्यानं म्हटलं: "नको, आभारी आहे."

डॉन सिरिलोंनी मेणबत्ती खाली केली. एउफेमियाचे हात तसेच पुढं, वाटी धरलेले. तादेओ पांढराफटक.

मैथिली आतून केस पुसत आली. तिलाही यांनी काही सांगितलं नव्हतं. एकदा टोपल्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काका, काय बोललात?"

"नको म्हटलं. मुलीच्या घरचं कसं खायचं?"

तिनं कपाळाला हात लावला. "काका, हे मागणी घालायला आलेत. यांच्यात मुलाकडचे मुलीच्या दारात जातात. मुलीकडच्यांनी पाव खाल्ला तर हो, नाही खाल्ला तर नाही. तुम्ही आत्ता मला द्यायला नकार दिलात."

मग कळलं ते वेगळं घर कशाला. मुलीला माहेर हवं ना, मागणी घालायला! ते त्यांनी आमच्यासाठी भाड्यानं घेऊन, सफेदी करून तयार ठेवलं होतं. चार वर्षं वॉर्ड ऑफिसचा कागद तादेओच्या आईच्या लेखी कागदच होता. सून तिनं लाडानं वागवली, पण गावाला लग्नाचं जेवण घातलं नाही. म्हणे, जिला कोणी दिलंच नाही ती आली कशी म्हणू?

मी मैथिलीला म्हटलं, "सांग त्यांना, मी तिचा बाप नाही. माझा हा अधिकार नाही. तिच्या बापाला विचारा."

डॉन सिरिलो बोलायला उभे राहिले. मैथिली एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. ते म्हणाले, "आम्ही तिच्या वडिलांना विचारलं होतं. लग्न नोंदवण्याच्या आधी पत्र लिहिलं. माझ्या सुनेनं हातानं लिहिलं, या मुलीनं तुमच्या भाषेत उतरवलं. तुमच्या गावी येऊन मागणी घालायची परवानगी द्या, असं लिहिलं. ते पत्र न उघडता परत आलं."

अंबू, हे मला ठाऊक नव्हतं. तू पाकीट परत पाठवलंस हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मुलाकडचं माणूस दारात आलं होतं का, विचारतोस. आलं होतं. तू पाकीट उघडलं नाहीस.

मग ते म्हणाले, "पहिला नकार आम्हाला अपेक्षितच असतो. चांगलं घर एका मागणीत लेक देत नाही." आणि उठले की सगळे! टोपल्या डोक्यावर, टर्की हातात. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि पुन्हा तशीच रांग लावून दारात उभे. मेणबत्ती पेटलेली. मैथिलीला हसू आवरेना आणि रडूही. गल्लीतली माणसं गच्चीवरून बघत होती. एक बाई वरून ओरडली, "द्या की हो, त्या कोंबड्यांना चक्कर येईल!"

दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. आणि तुला फोन लावला. पुण्यात रात्रीचे आठ होत होते. आठव, एकोणतीस डिसेंबर. दोनदा वाजला. मग तू कापलास. मी परत लावला. परत कापलास. हातात फोन धरून मी उभा, पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि तुझी मुलगी भिंतीकडे. तिला माहीत होतं मी कोणाला फोन लावला ते.

मी पुन्हा "नाही" म्हटलं. ते पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले.

तिसऱ्यांदा आले तेव्हा डॉन सिरिलोंचे पाय लटपटत होते. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, आपल्या घरच्या पोरीसाठी तिसऱ्यांदा चढ चढून आला. तेव्हा मला अभिमान वाटला रे. त्यांचा वाटला आणि आपलाही. आपल्या घरात असं काय आहे की माणसांनी तीनदा मागायला यावं? आहे ना. तीच उभी होती, ओले केस, डोळे पुसत.

मी पाव घेतला. चॉकलेटमध्ये बुडवला. खाल्ला. अण्णांची मनात माफी मागितली आणि दुसरा मागून घेतला.

मी आपली मैथिली दिली, अंबरीष. तुझ्या परवानगीशिवाय, तुझ्या जागी बसून, मी दिली. त्यांनी लग्नाच्या जेवणाची तारीख विचारली, ती मात्र मी सांगितली नाही. म्हटलं, तारीख तिचे वडील सांगतील. "किती दिवस वाट बघू?" एउफेमियानं विचारलं. मी म्हटलं, "तो हट्टी आहे. पण माझा भाऊ आहे."

आता मला काय बोलायचं ते बोल.

दादा

क्योतो
२ मार्च २०२५

चि. अंबरीष,
आशीर्वाद.

काल बोललो आणि आज पत्र लिहितोय, हसशील. पण तुला पत्रं लिहायची सवय लागली, आणि काल तू मला बोलू कुठं दिलंस?

मी इथं मैथिलीकडे आठवडाभर आलोय. तुझा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. तुझं नाव बघून मला वाटलं सुनीताला काही झालं. आणि तू सुरूच झालास. "तू कोण देणारा? कोणी अधिकार दिला तुला?" मी म्हटलं, थोरला आहे. त्यावर तू सांगोल्यापासून सगळं काढलंस. मी तुझी सायकल विकली ते, अण्णांचं घड्याळ मी उघडलं आणि परत जोडलं नाही ते, सगळं. चाळीस मिनिटं. इतकं भरभरून तू माझ्याशी चार वर्षांत बोलला नव्हतास. मी घास हातात धरून ऐकत होतो. मैथिली समोर, ताटावर नजर, एकेक शब्द तिच्या कानावर जात होता. तादेओला मराठी येत नाही, पण त्यानं हळूच उठून गॅस बंद केला.

मग तू थकलास. आणि मग तू एकदम विचारलंस, "टर्की किती होते म्हणालास?"

मी म्हटलं, "दोन."

"दोनच?" तू म्हणालास. "डॉक्टरेट केलेली मुलगी आहे ती. दोनच?"

अंबू, मी तिच्याकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं.

मी फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर गॅलरीत गेलो. थंडी मरणाची, अंगात नुसता सदरा, खाली सायकली लावलेल्या. दार लावून घेतलं. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. काचेतून तेवढं दिसलं की ती आधी उभी होती, मग भिंतीला टेकली, मग खाली जमिनीवर बसली, आणि तादेओ तिच्या शेजारी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझी बोटं बधिर झाली तरी मी आत गेलो नाही, कारण तिच्या कानाला अजून फोन होता.

दादा